गाडी का थांबवलीस

रुग्णवाहिकेच्या त्या ड्रायव्हरला सगळे गोगलगाय म्हणत. ही गाडी येईपर्यंत रोगी कंटाळून आपोआप बरा होतो, ही थट्टा तो वर्षानुवर्षं हसून ऐकत आला होता. खरं तर तो हळू नव्हताच. त्याचं म्हणणं एवढंच, की नुसत्या वेगाने माणसाला काही होत नाही, वेग बदलला की होतं. गाडी दामटली की अंग मागे रेलतं, ब्रेक दाबला की पुढे जातं. आणि वळणावर वेगाचा काटा जागचा हलला नाही तरी दिशा बदलते, अंग एका बाजूला ओढलं जातं. म्हणून तो वेग चढवायचा तो नकळत, उतरवायचाही तसाच.

त्या दिवशी मागे स्ट्रेचरवर त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. रंगकाम करताना परांचीवरून पडलेला. मान मोडली होती, ती पट्ट्याने जखडून टाकलेली. डोक्याकानांवर एवढं जाड बँडेज, की कोणी काही बोललं तरी त्याला ऐकू जात नव्हतं. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की आत रक्तस्राव चालू आहे, उशीर नको, आणि धक्का तर मुळीच नको. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगणार तरी काय म्हणा.

डोंगरातल्या वळणांवर त्याचा जीव नुसता टांगणीला लागला. मागून भावजय विनवत होती, भाऊजी, पळवा. वळण घाईने घ्यावं तर मान जाणार, सावकाश घ्यावं तर रक्त. ओठ चावत तो एकेक वळण उतरला.

मग गुळगुळीत सरळ रस्ता लागला. त्याने गाडी हळूहळू इतकी चढवली, की काटा आजवर कधी गेला नव्हता तिथे जाऊन टेकला. तिथून पाय हलू दिला नाही. गाडीत कुठे हिसका नाही, काही नाही. मागच्या काचा दुधी, त्यामुळे बाहेरचंही काही दिसत नव्हतं. इंजिनाची थरथर तेवढी, पण ती उभ्या गाडीतही असतेच.

"दादा, गाडी का थांबवलीस?" मागून आवाज आला.

भावजय हातवारे करून सांगू लागली, पण धाकट्याला ती नुसती समजूत वाटली असावी. तो रडायला लागला. "नको ना थांबवू रे. मी आहे अजून."

गाडी धावतेय हे त्याला कळवायचा एकच उपाय होता, ब्रेकला जरासा पाय लावणं. पाय तिथवर गेलाही. त्याने तो मागे घेतला, आणि डोळ्यांतलं पाणीही न पुसता स्टिअरिंग तसंच सरळ धरून ठेवलं.

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत धाकटा गेला होता. मान वाटेत जराही हलली नाही, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. ड्रायव्हरने मान डोलावली. धाकटा गेला तो दादाने आपल्याला वाटेतच सोडलं असं समजून, आणि आता ते त्याच्या मनातून कोण काढणार होतं.