मरळीची बंदी

ज्या घरात मासा कधी शिजला नाही, त्या घरातला मी मासे वाढवणारा साहेब झालो. वडील राजापेठेत भिक्षुकी करायचे आणि मी सरकारी मत्स्यखात्यात पर्यवेक्षक. शेजारी तोंड लपवून हसत. मी मात्र शिकून आलो होतो आणि शिकण्याचा माज मला भरपूर चढला होता.

एकोणीसशे साठच्या सुमारास चांदूर बाजारजवळचा पूर्णेचा एक डोह माझ्याकडे आला. काठच्या भोयांची रीत अशी, की मृगापासून पोळ्यापर्यंत डोहात जाळं टाकायचं नाही. त्या दिवसांत मरळीची पिलं तांबडा घोळका करून पाण्यावर येतात आणि नर-मादी खाली राखण करत फिरतात. राखणीवरची मरळ कुणी मारली, तर जातपंचायत त्याला वाळीत टाकायची.

माझ्या कागदावर निराळंच होतं. बंगालहून रोहूचं बी, म्हणजे बारीक पिलं, येणार, मरळ ते खाणार, म्हणून आधी मरळ काढून टाका. भोयांचा म्हातारा म्होरक्या पोळ्यापर्यंत थांबा म्हणाला. मी परवाना रद्द करायची धमकी दिली. आज सांगतानाही स्वतःचा राग येतो. ऐन आषाढात जाळी पडली. पिलं सोडून मरळी पळेनात, त्यामुळे फारसे कष्टही पडले नाहीत.

बी बडनेऱ्याला गाडीतून उतरलं, तेव्हा निम्म्या डब्यांतलं मेलेलं होतं. उरलेलं डोहात सोडलं, ते पुढच्याच पुरात वाहून गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

चारपाच वर्षांनी वरूनच विचारणा झाली, की पूर्णेत मरळ का दिसत नाही? कावून दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. मी अकोल्याला गेलो, मोर्णेतल्या बारा जिवंत मरळी मिळवल्या आणि पाण्याच्या डब्यांतून आणून डोहात सोडल्या. पुढच्या पावसाळ्यात तांबडा घोळका दिसला. त्या दिवशी मी काठावर बसून चक्क रडलो.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तर तरण्या भोयांनी भरदिवसा जाळं ओढलं होतं. मरळी बाजारात गेल्या होत्या. मी तणतणत म्हाताऱ्याकडे गेलो, पंचायत बसवा म्हणालो.

तो शांतपणे म्हणाला, "पंचायतीचं कोण ऐकते आता? बंदी तुमीच मोडली, साहेब. मासे तर तुमी अकोल्याहून आणले. पण पोरायच्या मनातला धाक कुठून आणसान?"

मी रिकामे डबे उचलून परतलो. अहवालात 'बारा मरळी सोडल्या' एवढंच लिहिलं, आणि त्याबद्दल मला शाबासकीचं पत्र आलं.