येष्टीच्या वेळेपर्यंतचा सिनेमा

ताडकळसच्या वीरभद्रअप्पांना कुठल्याही सिनेमाबद्दल विचारा, मत तयार. अन् नाही विचारलं तरी तयारच. आपल्या किराणा दुकानात साखर जोखता जोखता ते कालच्या सिनेमाची पार चिरफाड करून तुमच्या हातात देतील. परवा टीव्हीवर पोलिसांचा एक बघितला, त्यात म्हणे सगळा अंधारच अंधार. खुनी सापडेना यात नवल काय, आधी बल्ब तर लावा! दुसऱ्या एकात हिरोला मारायला पन्नासभर माणसं आली अन् रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी एकेक करून मार खाऊन गेली. तिसऱ्यातली हिरॉईन मात्र त्यांना पसंत पडली, कारण ती जेवायला बसली की खरोखर जेवत होती, नुसता घास चिवडत नव्हती.

मतं लय, पण ऐकायला कोण? समोरचा आश्रुबा तंबाखूची पुडी घ्यायला येतो, सगळं ऐकून घेतो अन् टाइमपास आहे म्हणून चालू लागतो. पुण्यातला मुलगा शिवकांत फोनवर हो अप्पा, बरं अप्पा करतो. अरे, एकदा तरी म्हण की अप्पा, तुमचं चुकलं! भांडायला माणूसच नसेल तर नुसतं मत घेऊन काय त्याचं लोणचं घालायचं?

भांडणारं माणूस होतं. शिवम्मा, अप्पांची बायको. तिला जाऊन आता तिसरी दिवाळी येईल. अप्पा दुकानाचा माल भरायला परभणीला निघाले की तीही निघायची, अन् खरेदी उरकली की दोघं दुपारच्या खेळाला टाकीजमध्ये. गोची एकच होती. गावाकडची शेवटची येष्टी सिनेमा संपायच्या आधी सुटायची. पडद्यावर हिरोच्या छातीला बंदूक लागलेली असायची अन् इकडं अप्पा पिशव्या उचलून उभे. मागचे लोक शिव्या घालायचे. उभ्या जन्मात या जोडप्यानं टाकीजमध्ये एका सिनेमाचा शेवट म्हणून बघितला नाही.

शेवट व्हायचा तो येष्टीत. शिवम्मा खिडकीशी, अप्पा तिच्या उजव्या हाताला, मांडीवर पिशव्या. ती सांगायला लागायची. तिच्या शेवटात कुणी मरायचं नाही. गोळी लागलेला वाचायचा, अंथरुणाला खिळलेली आई उठून सुनेला पुरणपोळ्या शिकवायची. अप्पा चिडायचे. असं कुठं असतंय का, म्हणायचे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "मग थांबून बगायचं हुतं की तुमी." गाव येईपर्यंत अप्पांनी निम्मी माणसं मारलेली असायची अन् तिनं सगळी जिवंत केलेली असायची.

अन् खरी गंमत पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात अप्पा गिऱ्हाइकांना तिचाच शेवट सांगायचे, अगदी डोळ्यांनी बघितल्यासारखा. पुढं घरोघरी टीव्ही आले तेव्हा गावाला पत्ता लागला की अप्पांनी इतकी वर्षं मेलेली माणसं जिवंत म्हणून खपवली. लोकांनी मनसोक्त टर उडवली. शिवम्मा मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

ती गेल्यावर शिवकांतनं भला मोठा टीव्ही आणून भिंतीला लावला. आता येष्टीची घाई नाही. अप्पा शेवटपर्यंत बघतात, नावं सरकून संपेपर्यंत बघतात. मग मान आपोआप डावीकडं, शिवम्माच्या बाजूला वळते, अन् घर खायला उठतं.

दसऱ्याला शिवकांत आला अन् म्हणाला, चला अप्पा, परभणीला जाऊन मोठ्या पडद्यावर बघू. तो येणार कळल्यापासून अप्पांनी टीव्ही लावलाच नव्हता, आता बघायचं ते त्याच्यासोबतच म्हणून. यंदा पोराशी सिनेमावरून कडकडून भांडायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आईच्या पोटचा आहे, थोडं तरी उतरलं असेल.

सिनेमा एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता. भावाशी बोलणं तुटलेलं, अन् हा आजारी अंगानं भावाच्या गावाला निघालेला. पडत झडत पोचतो, दार वाजवतो. आतून भाऊ कडीला हात घालतो, अन् अप्पा झटक्यात खुर्चीतून उठून उभे राहिले. पायाशी पिशव्या चाचपू लागले. शिवकांतनं सदरा धरून खाली बसवलं.

"अप्पा, बसा की. आपली गाडी हाय बाहेर. कुठं निघालाव?"

अप्पा बसले. भावानं दार उघडलं तेव्हा शिंपी उंबऱ्यावरच गेलेला होता. अप्पांना असा संताप आला की विचारू नका.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, कसा वाटला रे? चांगला होता अप्पा, मुलगा म्हणाला. भावानं दार आधी उघडायला पाहिजे होतं, अप्पांनी खडा टाकून बघितला. हो अप्पा, मुलगा म्हणाला. मग त्याला कामाचा फोन आला, तो गाव येईपर्यंत चालला. पोरगं वाईट नाही हो, बापाला जपतं. पण खिडकीबाहेर बघत बसलेल्या अप्पांना इतकं एकटं शिवम्माला मातीत ठेवलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याला गेला अन् अप्पा खांद्याला पिशवी अडकवून मळ्याकडं निघाले. त्यांच्या लिंगायतांत जाळत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन, बसवूनच पुरतात. शिवम्माची समाधी विहिरीच्या कडेला आहे. रोज तिथं विभूती लावून अप्पा मुकाट्यानं परत फिरायचे. मातीशी काय बोलायचं, असं त्यांना वाटायचं, लाजही वाटायची.

आज ते समाधीच्या उजव्या हाताला बसले. इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. मग त्यांनी शिंप्याचा सिनेमा पहिल्यापासून सांगायला घेतला. गाणी कशी पाणचट होती, भाऊ काम कसं छान करत होता, सगळं. सांगत सांगत दारापर्यंत आले. शिंप्यानं दार वाजवलं, भावानं कडीला हात घातला.

"अन् तेवढ्यात येष्टीची येळ झाली बग," ते म्हणाले. "फुडचं काय झालं, तू सांग."

अन् खांद्यावरची पिशवी मांडीवर घेऊन वाट बघत बसले.