पैलवानांच्या वजनावर आवळलेला बार

माझ्या फियाटसाठी आलेले दोन आर्म, म्हणजे पुढची चाकं धरणारे लोखंडी हात, शाहूपुरीतल्या एका शोरूमनं साखर कारखान्याच्या संचालकाच्या गाडीला लावले, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणीबाणीच्या मागच्यापुढच्या काळातली गोष्ट. सुटे भाग मिळायला नंबर लावावा लागे. मी लावला होता, सकाळी त्यांच्या बाकावर जाऊन बसत होतो, आणि माझ्या नंबरचे आर्म माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या गाडीखाली गेले. मॅनेजर म्हणाला, "मोठी माणसं हायत, समजून घ्या." मी काय समजायचं? दुसऱ्यांच्या टॅक्सी धूत धूत मी ती एक जुनी गाडी केली होती. मी तिथं जो आवाज चढवला तो बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेला असणार.

तिथून मी तडक उद्यमनगरात गेलो. तिथं चाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. वय झालेलं, पण तोंड माझ्यापेक्षा तिखट. माझे झिजलेले आर्म त्यांनी हातात फिरवून पाहिले आणि म्हणाले, "ह्यापेक्षा मजबूत करून देतो. पण घासाघीस करायची न्हाय." आम्ही दुपारपर्यंत घासाघीस केली. जाड पत्रा कापून, वाकवून, जोडून त्यांनी जे आर्म केले ते बघून माझी छाती फुगली. गाडी खड्ड्यातून काढली तरी चाक हूं की चूं करत नव्हतं.

अडचण निघाली ती आडव्या बारची. फियाटला पुढं, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, एक वाकवलेली पोलादी दांडी असते. तिची दोन्ही टोकं आर्मला जोडलेली. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ही दांडी पिळली जाते आणि गाडीला सावरून धरते. चाचांच्या आर्मवर ती बसेना. मी पुन्हा शोरूमला गेलो, कारण बार बसवायचा सराव त्यांना होता. मॅनेजरनं गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. "बाहेरचे आर्म हायत. ह्यावर बार लागत न्हाय. काढून ठेवा, गाडी चालतीया की."

गाडी चालली. कशी, ते गगनबावड्याच्या घाटात कळलं. इचलकरंजीचे एक सुताचे व्यापारी माझं कायमचं गिऱ्हाईक. घाटाखाली त्यांनी काजूची बाग घेतली होती, दर रविवारी नवरा-बायको माझ्या गाडीनं जायची. त्या रविवारी प्रत्येक वळणाला गाडी अशी झुकायची की मागं बसलेल्या वैनी दाराला चिकटायच्या. त्यांना उलट्या सुरू झाल्या. परत आल्यावर शेठ शांतपणे म्हणाले, "पावणं, एक रविवार आणखी बघतो. असंच झालं तर मला दुसरी गाडी बघाय लागंल." दुसरी गाडी म्हणजे शोरूमच्या मालकाच्या मेव्हण्याची. तिचा ड्रायव्हर आधीच शेठना रामराम घालायला लागला होता. माझा आठवडा त्या एका फेरीवर उभा होता, बाकीची भाडी चहापाण्यापुरती.

मी चाचांच्या दुकानात शिरलो तो भांडतच.

"चाचा, काय करून ठेवलंय हे? बार बसंना."

"बसत न्हाय म्हंजे? तुला बसवता येत न्हाय म्हण."

आम्ही दोघं गाडीखाली गेलो. चाचांनी एक बाजू बघितली, दुसरी बाजू बघितली, आणि गप्प झाले. चाचा गप्प झाले म्हणजे चूक त्यांची, हे मला ठाऊक होतं. बार जिथं अडकवायचा तो लोखंडी कान दोन्ही आर्मना एकाच अंगाला जोडला होता. चाचांनी दोन्ही आर्म एकाच साच्यावर बनवले होते आणि उजव्यासाठी एक उलटा केला होता. त्यामुळं डावीकडचा कान पुढं आणि उजवीकडचा मागं.

"दोन्ही हात एकाच बाजूचे केलासा," मी म्हटलं. "माणसाला लावलं असतं तर जेवताना घास पाठीमागं गेला असता."

"गप बस. एक कान कापून पुढं लावाय किती वेळ लागतोय?"

लागला तो फारसा वेळ नाहीच. कान कापला, पुढच्या अंगाला नवा जोडला. आता बार दोन्ही बाजूंना पोचत होता. मला इतका आनंद झाला की गाडी जॅकवर असतानाच मी सगळे नट आवळले, गाडी खाली घेतली आणि रंकाळ्याच्या रस्त्यावर काढली. पहिल्याच वळणावर पुढून धाड असा आवाज आला. थांबून बघितलं तर गाडी उभ्या उभ्या एका अंगाला तिरकी. पानाच्या टपरीवरचा एकजण म्हणाला, "गाडीचं कंबरडं मोडलंय की ओ." मी त्याच्याशीही भांडलो.

मग तिथंच, रस्त्याच्या कडेला, रागाच्या भरात मी आडवा होऊन एका बाजूचा नट सैल केला. टक असा आवाज होऊन बारचं टोक खाली सरकलं आणि गाडी माझ्यासमोर सरळ झाली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जॅकवर चाकं लोंबकळत असताना मी आवळलं होतं. चाकं जमिनीला टेकली की बारची टोकं धरणारे रबरी बुश पिळले जात होते आणि गाडीला तिरकं ओढत होते. बार आवळायचा तर गाडी चाकांवर उभी पाहिजे, आणि गाडीत ओझं पाहिजे, घाटात जेवढं असतं तेवढं.

चाचांच्या दुकानात गाडीखाली शिरायला खड्डा होता. ओझं शेजारच्या तालमीत होतं. मी तालमीच्या दारात उभा राहून म्हटलं, "पैलवान, जरा गाडीत बसाय येता का?"

"कुठं जायचं हाय?"

"कुठंच न्हाय. नुसतं बसायचं."

आतून हसण्याचा आवाज आला. त्यांच्यातला थोरला लाल मातीचं अंग घेऊन बाहेर आला. "नुसतं बसायचं म्हंजे काम अवघड हाय, मालक. गंगावेशीत दूध पाजणार काय?"

"एकेक ग्लास."

"एका ग्लासात आमी बसत न्हाय."

"मग पोटभर पाजतो, पण काम झाल्यावर. आणि हलायचं न्हाय."

मावतील तेवढे पैलवान गाडीत शिरले तेव्हा गाडी खाली बसली. मी खड्ड्यात उतरलो, डोक्यावर फियाट आणि फियाटमध्ये पैलवान. चाचा वरून ओरडत होते, "हलू नगा रे, खाली माणूस हाय." कुणीतरी शिंकला आणि माझ्या तोंडावर माती पडली. मी एक नट आवळला, मग दुसरा. पान्याला जी पकड मिळाली ती हातानंच ओळखली. आता बार बसला होता, ओढूनताणून नव्हे, आपल्या जागेवर. मी खड्ड्यातून ओरडलो, "उतरा," आणि ते उतरल्यावर गाडी सरळ, सपाट वर आली. चाचांनी माझ्या पाठीत असा रट्टा दिला की पैलवानांनी मान डोलावली. संध्याकाळी गंगावेशीत म्हशीच्या धारेचं दूध पिताना त्यांनी मला पार पिळून घेतलं, पण त्या दिवशी मी घासाघीस केली नाही.

रविवारी शेठ आणि वैनी बसले. गगनबावड्याची चढण लागली. मी मुद्दाम वेग कमी केला नाही. पहिलं वळण, दुसरं वळण, गाडी रस्त्याला धरून. आरशात बघितलं तर वैनी डोकं मागं टेकून झोपलेल्या. माझा आनंद पोटात मावेना.

गगनबावड्याला धुक्यात चहाला थांबलो. शेठनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "शेवटी शोरूमलाच दिलीसा न्हवं गाडी? त्यांच्या हातची गोष्टच न्यारी."

माझं डोकं फिरलं. "शेठ, उठा. गाडीखाली बघा."

"आता?"

"आत्ताच."

पांढऱ्या लेंग्यात ते ओल्या रस्त्यावर उकिडवे बसले आणि वाकून बघायला लागले. एका जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ह्ये तर वेल्डिंग हाय. म्हंजे सगळं हितंच बनवलेलं?"

"व्हय. उद्यमनगरात."

शेठ उठले आणि घाटाकडं बघायला लागले. अजून उतार बाकी होता, पलीकडचा, जास्त वळणांचा. मला आपल्या तोंडाचा राग आला. गप्प बसलो असतो तर फेरी राहिली असती, श्रेय शोरूमला गेलं असतं तरी. शेठ म्हणाले, "वेल्डिंगवर भरवसा ठेवून खाली उतरायचं म्हंजे..."

वैनी तोवर चहा संपवून गाडीत जाऊन बसल्या होत्या. काचेतून म्हणाल्या, "मी जातो ह्या पावण्यांबरोबर. तुमी मागनं एसटीनं या."

शेठ मागचं दार उघडायला गेले, मग थांबले आणि पुढं माझ्याशेजारी येऊन बसले. घाट उतरताना त्यांचा एक हात डॅशबोर्डवर होता आणि डोळे वळणावर. निम्मा घाट उतरल्यावर त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

"पुढच्या रविवारी यायचं न्हवं?" मी विचारलं.

"यायचं की," शेठ म्हणाले. "आन् जरा दामटा आता, काजूवाली माणसं वाट बघत बसल्यात."