युक्काचं जावळ

कुंदाताई बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत. बघत ते डोक्याकडे. हुडकेश्वरला आमच्या घराला लागूनच त्यांचं ब्युटी पार्लर होतं. पहिल्यांदा मी वाटीभर साखर मागायला गेले, तर म्हणाल्या, "साखर नेजो वं, पण पहिले बस. टोकं फाटून राहिले तुझे." झालं. साखरेबरोबर केस कापून घरी आले. त्यांची स्वतःची वेणी मात्र गुडघ्यापर्यंत. पार्लरची खरी पाटी तीच; वेणी बघूनच बाया आत शिरायच्या.

आमच्या ह्यांचा जीव अडकलेला अंगणातल्या शोभेच्या युक्कात. नव्या घरात आलो तेव्हा वीतभर होता. वाढता वाढता पार स्लॅबला टेकला. खाली नुसता वाकडा दांडा, वर झाडूएवढा पानांचा झुपका. येणारा-जाणारा हसायचा. ह्यांना वाईट वाटायचं, पण कुणी कापायचं नाव काढलं की अंगावर धावून जायचे.

होळी झाली आणि कुंदाताई आरी घेऊनच आल्या.

"भाऊजी, पोराचं जावळ केलं होतं ना? काहून केलं? केस दाट यावे म्हणून. मंग याचं काहून नाही?"

"अन् मेलं तर?" हे म्हणाले.

"मेलं तर माही वेणी कापा. नवतपा संपू द्या, मी सोता कैची घेऊन येतो."

"अन् जगलं तर?"

"जगलं तर मी सांगीन ते करा लागन."

ह्यांनी कशीबशी मान हलवली आणि पाठ फिरवली. कुंदाताईंनी कमरेच्या उंचीवर दांडा कापला, जखमेवर हळद दाबली. शेंड्याची खालची पानं ओरबाडून तो वेगळ्या कुंडीत रोवला. "पाणी कमी द्याचं. जास्त लाड केले का सडते," एवढं बजावून गेल्या.

ऊन चढलं. खुंटावर काही म्हणजे काही हालचाल नाही. ह्यांनी त्यावर बारदान टाकलं. ऊन लागू नये म्हणून, असं म्हणाले. खरं तर त्यांना बघवत नव्हतं. मला झाडाचं सोडा, त्या वेणीचीच धास्ती. पार्लरच्या गिऱ्हाइकांमध्येही शर्तीची बातमी पसरली होती. मी म्हटलं, "ताई, सोडा ना ते शर्तीचं. हे काही म्हणणार नाहीत."

"जबान दिली वं मी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईच्या भुवया कोरायला लागल्या.

मे संपत आला, नवतपाचे ते नऊ कडक उन्हाचे दिवसही संपले. कुंदाताई कात्री घेऊन आल्या आणि अंगणातल्या खुर्चीवर बसल्या. "कापा भाऊजी. पण पहिले ते बारदान काढा."

ह्यांनी तोंड फिरवूनच ते ओढलं. खुंटाच्या कडेनं तीन कोंब होते, बोटभर, हिरवेगार. कुंडीतल्या शेंड्यानंही मूळ धरलेलं. हे खाली बसले आणि एकेका कोंबाला हात लावत राहिले. मला रडूच आलं.

कुंदाताई मात्र उठल्या, ह्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि मानेभोवती टॉवेल गुंडाळला. ह्यांना टक्कल आहे. ते झाकायला चार लांब केस या कानापासून त्या कानापर्यंत आडवे चिकटवलेले असायचे. त्याबद्दल बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

"आता हे," कुंदाताई म्हणाल्या.

हे काहीतरी पुटपुटले.

"जबान, भाऊजी."

चारही केस खाली पडले. मी आरसा धरला. ह्यांनी बराच वेळ बघितलं, डोक्यावरून हात फिरवला. "बरा दिसून राहिलो ना मी," म्हणाले.

कुंदाताई आता पारशिवनीला लेकाकडे राहतात. हे दर महिन्याला बसनं तिकडे जातात. केस कापायला, असं सांगतात. कापण्यासारखं डोक्यावर काही उरलेलं नाही, पण मी ताईंसाठी डबा भरून देते.