गोमती परत करा

आधी तोंडातला चहा गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका.

नोकरीतली पहिली चूक सगळ्यांचीच असते हो. कोणी तारीख चुकवतो, कोणी साहेबाचं नाव चुकवतो. मी काय केलं? एका रिटायर्ड मास्तराचा चाळीस वर्षांचा संसार उधळायला निघालो. तेही अगदी शुद्ध मराठीत!

मी मूळचा गोंदियाचा, मुर्रीकडचा. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली तेव्हा बाबांना वाटलं, पोरगा वाया गेला. "पुस्तक द्यायचं अन् वापस घ्यायचं, इसमें डिग्री काहे की?" असं ते चारचौघांत विचारायचे. म्हणून तिरोड्याजवळच्या एका गावातल्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा मिळाली तेव्हा मी ठरवलं, आता दाखवूनच द्यायचं. अध्यक्ष म्हणाले, "सहा महिने तुमचं काम पाहतो. जमलं त कायम, नाही त जय हिंद."

झालं! मी कामाला असा भिडलो की विचारू नका. देवाणघेवाणीचं जुनं रजिस्टर काढलं आणि पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्यांची यादी केली. यादीत सगळ्यात वर कोण असावं? टेंभरे गुरुजी. आमच्या वाचनालयाचे सचिव! चार वर्षांपूर्वी 'गोमती' नावाची कादंबरी नेलेली, परत आल्याची नोंद नाही.

दुसरा कोणी असता तर जाऊन हळूच विचारलं असतं. पण मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. सचिवांपासूनच सुरुवात केली की गाव आपोआप सरळ होईल. केवढी ती अक्कल!

व्हॉट्सअॅपवर आधी वाचनालयाच्या शिक्क्याचा आणि नावाचा फोटो पाठवला. त्याखाली मजकूर:

"महोदय, आपण गोमतीला घेऊन गेलात त्यास चार वर्षे झाली. तिला मागणारे पुष्कळ आहेत. आपण एकट्यानेच ठेवून घेणे शोभत नाही. आठ दिवसांत, नेली तशी, सुस्थितीत आणून द्यावी. हरवली असल्यास तशीच दुसरी आणून द्यावी. आपला, प्रवीण."

दोनदा वाचून पाहिला. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. मी खूश!

आता दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या. एक, सभासदाच्या अर्जावर गुरुजींनी जो नंबर दिला होता तो घरचा, आणि तो फोन असायचा त्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे. दोन, काकूंच्या फोनमध्ये नातवंडांचे इतके फोटो भरले होते की नवा फोटो उघडतच नव्हता. म्हणजे शिक्का दिसला नाही. दिसली फक्त गोमती.

आणि गावात मला सगळे 'लायब्ररीवाला' म्हणायचे. प्रवीण कोण, हे कोणाच्या बापाला माहीत होतं?

अर्ध्या तासात फोन आला. बाईचा आवाज, जरा घोगरा.

"कोन, प्रवीण बोलून राहिले का?"

"हो, बोलतोय."

"हे गोमती तुमची कोन लागते?"

मला वाटलं, जबाबदारी कोणाची ते विचारून राहिल्या. मी छाती काढून म्हणालो, "आता माझ्याच ताब्यात यायला पाहिजे ती. जुना माणूस गेला, आता सगळ्या मीच सांभाळतो."

"अन् आमच्या गुरुजीनं तिले नेलं? खरं का?"

"सही करून नेली काकू! रजिस्टर आहे माझ्यापाशी."

"रजिस्टर केलं?" आवाज एकदम चढला.

"सगळं रजिस्टरच असतं. त्याशिवाय आम्ही कोणाला हात लावू देत नाही."

"हे पयलीच होय का?"

इथं मला गुरुजींची थोडी बाजू घ्यावीशी वाटली. सचिव शेवटी! म्हणालो, "नाही नाही, याच्या आधी तेरा-चौदा नेल्या त्यांनी. पण खरं सांगतो, त्या सगळ्या वेळेवर परत आणून दिल्या. माणूस शिस्तीचा आहे. या गोमतीतच काय जीव अडकला, कोणास ठाऊक."

फोन कट. मला वाटलं, रेंज गेली.

पुढचं मला नंतर खुद्द गुरुजींनी सांगितलं. ते धानाच्या बांधीवरून घरी आले तर चूल थंड. काकू ओसरीत बसलेल्या, हातात फोन.

"गोमती कोन होय?" काकूंनी विचारलं.

गुरुजी बिचारे भुकेलेले. पुस्तक त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते सहज बोलून गेले, "आमच्या शाळेतली गोमती मॅडम का? तिची त बदली झाली ना देवरीले! काऊन?"

संपलं! माणूस किती सरळ असावा?

काकूंनी तिथल्या तिथं सालेकशाला भावाला फोन लावला. "दादा, तू निंगून ये. आमच्या गुरुजीनं चौदा बाया केल्या. रजिस्टर हाये म्हंते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात टेबल पुसून राहिलो होतो. चार म्हातारे पेपर वाचत होते, भरतीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पाच-सहा मुली आत अभ्यासाला बसल्या होत्या. इतक्यात दारात मोटारसायकल थांबली. तिच्यावरून भरघोस मिशांचा एक गृहस्थ उतरला; चौकात माझा नंबर दाखवून पत्ता काढला होता त्यानं. त्याच्यामागे काकू. आणि बऱ्याच अंतरावर, पायी, मान खाली घालून गुरुजी.

"प्रवीण कोन होय?" मिशा गरजल्या.

त्या आवाजाला 'मी' म्हणायलाही दम लागतो हो! मी नुसता हात वर केला.

"थ्या गोमतीले बाहेर काढ. सामने बसवून बोलू."

"मी कुठून काढू? गुरुजींकडेच आहे ना ती!"

"पाहा!" काकूंनी पदर डोळ्याला लावला. "पाहा दादा, अजून ह्यायच्यापाशीच हाये म्हंते!"

डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या. हे पुस्तकाचं रडणं नव्हे, एवढं तेव्हा कुठं मलाही कळलं. मी रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, "हे बघा... गोमती. कादंबरी. पानं दोनशे बारा."

काकूंनी पदर खाली घेतला. "पानं?"

"पुस्तक आहे काकू ते."

"अन् थ्या चौदा?"

"त्यापण पुस्तकंच."

पेपर वाचणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पेपरात तोंड खुपसलं, पण पेपरच हलायला लागला. मग आतल्या मुली फुटल्या. मग मिशा. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या गुरुजींकडे वळल्या, "रातभर उपाशी ठेवलं तुमाले. बोल्ले काऊन नाई?"

"तू बोलू देल्लं का?" गुरुजी एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अन् बाबू, थे पुस्तक मी कवाच वापस केलं. जुन्या मानसानं नोंद केली नसन."

इथं तरी मी गप्प बसावं ना? पण नाही! पदवीवाला मी! "गुरुजी, रजिस्टर खोटं बोलत नाही. कादंबऱ्यांचं कपाट मी तीनदा तपासलंय."

काकू तडक आत शिरल्या. एकेक कपाट, एकेक कप्पा. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा हातात फाटक्या पुठ्ठ्याची 'गोमती' होती.

"कुठं सापडली?" मी विचारलं.

"थ्या कोपऱ्यातल्या कपाटात. भूगोल लिवलं हाये तिथं."

भूगोल! नवीन वर्गीकरण लावताना मीच ठेवली होती. नाव वाचलं गोमती, म्हटलं नदी आहे, द्या टाकून नद्यांमध्ये. मुखपृष्ठावर नऊवारीतली बाई होती. तरीही!

रविवारी समितीची सभा झाली. मी रात्रीच बॅग भरून ठेवली होती. अध्यक्ष काही बोलायच्या आधीच काकू दारातून म्हणाल्या, "राहू द्या पोराले. गावात वाचनालय हाये, हे अर्ध्या गावाले आत्ता मालूम झालं." खोटं नव्हतं ते. त्या आठवड्यात एकवीस नवे सभासद झाले, आणि प्रत्येकाला एकच पुस्तक पाहिजे होतं.

मी कायम झालो. पण सभेच्या वहीत त्याच्याच खाली आणखी एक ठराव आहे, आणि तपासणीला येणारा प्रत्येक साहेब तो मोठ्यानं वाचतो.

"ग्रंथपालांनी अधूनमधून एखादे पुस्तक वाचावे. सूचक, टेंभरे गुरुजी. एकमताने मंजूर."