तांदळाशेजारचं विमान

आमचे विमानवाले मामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या शर्टाच्या रंगाकडे. लाखांदूरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या काचेच्या कपाटात धातूची वीतभर प्रवासी विमानं उभी असत, खऱ्या कंपन्यांच्या रंगांतली. पासपोर्ट फोटोला आलेलं माणूस हमखास विचारायचं, "खेळणे बी विकता काय?" मामा म्हणायचे, "खेळणं तुह्या घरी. हे विमान आहे, फक्त लहान आहे."

हे वेड एका चुकीतून लागलं. फोटोसाठी मागे सोडायच्या पडद्यावर विमान रंगवलेलं होतं. एकदा एका गिऱ्हाइकानं लग्नाचे फोटो काढायला मामांना नागपूरहून विमानानं नेलं. आयुष्यातला तेवढाच विमानप्रवास. त्या विमानाची निळी रेघ खिडक्यांमधून जात होती, पडद्यावरची मात्र खिडक्यांच्या खालून. घरी आल्यावर बॅग उघडायच्या आधी मामांनी ब्रश काढला.

आमच्या घराण्यात पहिली पदवी मी घेतली. कोंढ्याहून काळा गाऊन पिशवीत घालून एसटीनं मामांकडे गेले, तो फोटो त्याच पडद्यापुढचा आहे. मी ऐटीत उभी होते. कॅमेऱ्यामागून मामा म्हणाले, "ग्रॅज्युएट बाई, जरा सरका. रेघ झाकून राहिली." तो फोटो आमच्या घरी दारासमोरच टांगलाय. येणाऱ्याला दिसलाच पाहिजे.

कुरिअरनं नवं विमान आलं की मामा ते खऱ्या विमानाच्या फोटोंशी ताडून बघत. शेपटीवरचं चिन्ह, दारांच्या चौकटी, पंखाखालची अक्षरं. निकाल दोनच: पास, नाहीतर परत. पांढरा रंग त्यांना सगळ्यात अवघड वाटे. त्यासाठी मामी मिलातला नवा तांदूळ मूठभर आणून देई. तो काळ्या कापडावर पसरायचा आणि शेजारी विमान ठेवायचं. "कंपनी मले फसवंल," मामा म्हणत, "तांदळाले कशी फसवंल?"

मग एकामागून एक विमानं परत जायला लागली. सगळ्यांचा गुन्हा एकच: पांढऱ्यात पिवळा मारलाय. मी गेले तेव्हा एक टेबलावर होतं. मला जे दिसतं ते मी बोलते. म्हटलं, "मामा, हे पांढरंच आहे."

"कॉलेजात हेच शिकली काय व? तांदूळ आण."

मी तांदूळ पसरला. मामा वाकले, वैतागले. "हा जुना दिला तुह्या मामीनं. पाह्य, कसा पिवळा पडला."

मामी दारातच उभी होती. "आज सकाळीच मिलातून आणला. जुना काहून देईन?"

मामांनी चिमूटभर दाणे उचलले, बाहेर उन्हात नेले. बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. आत येऊन म्हणाले, "म्हणजे मले दिसून नाही राहिलं." आणि कधी नव्हे ते कपाटाला कुलूप लावलं.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनची तारीख मिळाली तशी मामांनी एक शेवटची मागणी नोंदवली, ते स्वतः ज्यात बसले त्या विमानाची. ती कंपनी केव्हाच बंद पडलेली, तिची लहान विमानंही बाजारातून गेलेली. कितीतरी वर्षांच्या शोधानंतर एक सापडलं होतं. "पट्टी निघाली का पहिलं तेच पाहीन," ते म्हणत.

पट्टी निघाली. मोतीबिंदूमागचा डोळ्याचा पडदा मामांच्या जुन्या साखरेच्या आजारानं केव्हाच खाल्ला होता. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, तर मामा खाटेवरून म्हणाले, "इथंच सांगा. कान चांगले आहेत माहे." आता त्यांना खिडकी कुठे आहे एवढं कळतं, उजेडामुळे.

घरी आलो तर खोका येऊन पडलेला. मामांनी मांडीवर घेऊन स्वतः उघडला. शेपटीपासून नाकापर्यंत बोटं फिरवली. मग नखानं कडेकडेनं रेघ शोधत राहिले. छपाई गुळगुळीत होती, नखाला काही लागेना.

"रेघ कुठून गेली?"

रेघ खिडक्यांच्या खालून गेली होती. मामी माझ्याकडे बघून हात जोडत होती. खिडक्यांमधून, एवढं एक म्हटलं असतं तर ते विमान जन्मभर त्यांच्या उशाशी राहिलं असतं.

"खालून गेली, मामा."

त्यांचा चेहरा असा झाला की मी भिंतीकडे पाहिलं. ते म्हणाले, "परत." खोका त्यांनीच बांधला. चिकटपट्टी कुठे संपते ते सापडेना, दातानं तोडली. मामी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

दुसरं विमान मिळालं नाही. स्टुडिओ बंद आहे. पूर्वी मी गेले की मामा विचारत, "सापडलं काय?" आता तेही विचारत नाहीत. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसतात.

परवा जेवायला बसलो. त्यांनी भातावर हात ठेवला आणि तसेच थांबले.

"पांढरा आहे काय?"

"आहे, मामा."

मामी म्हणाली, "मी रोज सांगतो त ऐकत नाही."

"तू माह्यासाठी खोटं बी बोलशील," मामा म्हणाले, आणि पहिला घास घेतला.