नापासांची बाल्कनी

बारावीच्या निकालाचा दुसरा दिवस, दुपारी तीनचा खेळ, तिकीट चाळीस रुपये. दारात आम्ही तिघे होतो: मी, माझी मुलगी प्रांजली आणि रिसोडच्या जुन्या टॉकीजचे मालक वामनराव. वामनराव आता नाहीत. त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत, ते त्या दाराशीच झालेले आहेत.

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी ते दरवर्षी एकच सिनेमा लावत. हॉस्टेलमधली चार पोरं प्राचार्यांची बकरी पळवतात आणि तिला वर्गात बसवून तिची हजेरी लावतात, अशी त्याची कथा. पहिल्यांदा लागला तेव्हा तो चार दिवसही चालला नव्हता. पुढे मात्र शिरपूरची पोरंसुद्धा एसटीने येऊ लागली. पडद्यावर बकरीचं नाव पुकारलं की सगळं थिएटर ‘हाजिर’ म्हणून ओरडे.

वामनरावांचा नियम असा: पास झालेल्यांनी तिकीट काढून खाली बसायचं. बाल्कनी फक्त नापासांना, आणि तीही फुकट. ते स्वतः दारात उभे राहून गुणपत्रक तपासत; अलीकडे मोबाइलवर, चष्मा कपाळावर चढवून. एकदा एका पोराने नापास असल्याची बतावणी केली. “त्र्याहत्तर टक्के? अन् बाल्कनी पाह्यजे तुले? चाल, खाली बस. वरच्या जागा कमावलेल्या रायतात.”

कोणी मान खाली घालून आलं, तर म्हणत, “खालून निस्ता पिच्चर दिसते. वरून पिच्चर बी दिसते अन् पास झालेल्यायचे टाळके बी.”

प्रांजली गणितात नापास झाली होती. आदल्या दुपारपासून जेवली नव्हती. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरणार नाही, शिक्षण इथंच बंद, एवढंच ती बोलली होती. कशीबशी टॉकीजपर्यंत आणली, तर जिन्यापाशी थांबली.

“बाबा, मी येकटी वर नाही जात. सारे पाह्यतीन.”

मी शंभराची नोट काढली. “वामनराव, बाल्कनीचे दोन द्या.”

“बाल्कनी इकत नाही भेटत, बाबूजी. तुमाले मालूम हाये.”

“पोरीसंग बसतो म्हणतो.”

“मंग कायद्यानं बसा.” एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले.

मी सोयाबीनच्या बाजारात काट्यावर वजनं लिहितो. अर्ध्या किलोचा फरक वाटला तरी पोतं पुन्हा चढवायला लावतो. घरात मात्र एक गोष्ट मी खोटी सांगितली होती: बारावी पहिल्याच झटक्यात पास झालो म्हणून. त्या वर्षी मला हाच जिना दाखवणारे वामनरावच होते. त्यानंतर सव्वीस वर्षं आम्ही एकाच हॉटेलात चहा प्यालो, पण त्यांनी थट्टेतही तो विषय काढला नाही. आज दारातही ते स्वतःच सांगू शकले असते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि वाट पाहिली. मागे रांग वाढत होती.

“मी बी नापास झालो होतो,” मी म्हणालो. “बारावीत. गणितातच.”

प्रांजली माझ्याकडे पाहतच राहिली. वामनराव बाजूला सरकले. “चढा मंग. दुसरी पायरी मोडेल हाये, पोरीचा हात धरा.”

बकरी वर्गात शिरली तरी ती हसली नाही. मध्यंतरात वामनरावांनी दोन कचोऱ्या वर पाठवल्या. तिने एक खाल्ली, मग माझ्यातली अर्धी खाल्ली.

“बाबा, तुमाले किती होते?”

“एकोणीस.”

“मले सव्वीस हायेत.”

“सात जास्त. पासाले फक्त नऊ कमी पडले तुले.”

तिने बोटांचं तेल रुमालाला पुसलं. खाली लोक परत जागेवर बसत होते.

“फॉर्म कधीपर्यंत भरता येते?” तिने विचारलं.